कुठून उतरवलंस?

लाखांदूर
१७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय हटवार सर,
नमस्कार.

मी रक्षा मारोतराव भेंडारकर. आपल्या शाळेत २००९-१० साली नववी ‘ब’मध्ये होते. तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचे. आता मी लाखांदूरजवळच्या एका शाळेत सहावी-सातवीला मराठीच शिकवते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत एका सहकाऱ्याने दिवाळी अंक आणला. त्यात तुमची ‘अंगणातला रोवणा’ ही कथा वाचली. धरणात गाव गेलेली म्हातारी नव्या वसाहतीत येते, येताना बैलबंडीत धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, घालून आणते आणि रोवायला शेताची बांधी नाही म्हणून अंगणातच रोवणा करते. कथा मी दोनदा वाचली. आमच्या स्टाफरूममध्येही सगळ्यांना आवडली.

एक विचारायचं होतं. ही म्हातारी तुम्हाला कुठे भेटली? तुमचा फोन नंबर शोधला तर मिळाला असता, पण हे मला लिहूनच विचारायचं होतं. पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवत आहे.

तुमची विद्यार्थिनी,
रक्षा

—

अड्याळ
२४ नोव्हेंबर २०२४

चि. रक्षा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या कवडूने वर्गात आणून दिलं. कवडू म्हणजे शिपाई, तू असतानाही तोच होता. मला वाटलं, पुन्हा एखाद्या संपादकाचं ‘साभार परत’. उघडून पाहतो तर वाचकाचं पत्र, तेही माझ्याच विद्यार्थिनीचं. एकोणतीस वर्षं मास्तरकी केली आणि सव्वीस वर्षं लिहितो आहे, पण माझं छापलेलं काही वाचून मला पत्र लिहिणारी तू पहिली विद्यार्थिनी. खोटं नाही सांगत.

आता मनातलं बोलायला माणूस मिळालंय, तर बोलून घेतो. चार वर्षांपूर्वी माझा कथासंग्रह निघाला. स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकेक प्रत सही करून दिली. महिन्याभराने पाहिलं तर एक प्रत खिडकीच्या तावदानाला टेकू म्हणून लावलेली. वाऱ्याने खिडकी आपटत होती म्हणे. चला, माझ्या साहित्याने काही तरी धरून ठेवलं. कवडूने मात्र पुस्तक उलटंसुलटं करून विचारलं, “सर, हे कोणत्या विषयाचं हाय?”

पोरांचं तर विचारूच नकोस. वर्गात एखादी कविता जीव ओतून शिकवावी आणि मागच्या बाकावरून आवाज यावा, “सर, हे परीक्षेत येते का?” नाही म्हटलं की वह्या बंद. ‘माझा आवडता नेता’ लिहायला दिलं तर बेचाळीस पोरांचा एकच नेता, एकच जन्मगाव आणि चूकसुद्धा एकच, कारण गाईडमध्येच ती चूक छापलेली. स्वतःच्या डोक्यातलं एक वाक्य लिहा म्हटलं तर तोंडाकडे पाहतात. पालथ्या घड्यावर पाणी. मीही आता फार ओतत नाही.

म्हणून तुझं पत्र मी वर्गात दाखवलं. म्हटलं, पाहा, हिला म्हणतात वाचणारी मुलगी. खरं तर तुझा तेव्हाचा चेहरा नीटसा आठवत नाही, राग मानू नकोस. इतकी पोरं हाताखालून गेली.

म्हातारीचं विचारलंस. ती माझ्या आईच्या तोंडून आली. आई रोवणा करताना बायांकडून ऐकलेल्या गोष्टी घरी येऊन सांगायची. त्यातली एक मनात राहिली आणि इतक्या वर्षांनी कागदावर उतरली. लेखकाच्या मनात काय काय साठलेलं असतं हे त्याचं त्यालाही कळत नाही.

आनंदाची बातमी अशी की या कथेसाठी तालुक्याचं एक साहित्य मंडळ माझा सत्कार करतंय. २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर, आपल्याच शाळेच्या मैदानात. मार्चअखेर मी निवृत्त होतोय, तर हा शेवटचाच सोहळा. तू ये. पोरांसमोर दोन शब्द बोल. माझं ऐकत नाहीत, निदान तुझं ऐकून त्यांना लिहायची-वाचायची ओढ लागेल.

तुझा,
चंद्रकुमार हटवार

—

लाखांदूर
८ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळाल्यापासून मी रोज उत्तर लिहायला बसते आणि उठते. आज स्पष्टच लिहिते.

तुम्हाला माझा चेहरा आठवत नसेल, तर तो दिवस आठवून पाहा. दिवाळीच्या आधीची गोष्ट. ‘माझी आवडती व्यक्ती’ असा निबंध होता. सगळ्यांनी गाईडमधून नेते लिहिले. मी माझ्या आजीवर, रंभाबाईवर लिहिलं. त्याच वर्षी आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून आम्ही पुनर्वसनात आलो होतो. बाकीच्यांनी घराची दारं, छपराचे फाटे, कवेलू काढून आणले. आजीने बंडीत पऱ्हे भरून आणले. बाबा म्हणाले, “बुढे, रोवशील कुठं?” तिनं हापशीजवळच्या अंगणात चिखल केला आणि रोवलं. सगळी वसाहत पाहायला आली, हसली. मी दोन पानं लिहिली. त्याआधी मी कधी एवढं लिहिलं नव्हतं.

तुम्ही मला उभं केलं. “कुठून उतरवलंस?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच लिहिलं. तुम्ही म्हणालात, चोरी एक आणि वर खोटं बोलणं दुसरं. मग मला व्हरांड्यात बसवून ‘माझी शाळा’ यावर तुमच्यासमोर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मी रडत होते, एक ओळही लिहून झाली नाही. तुम्ही तो कोरा कागद वर्गाला दाखवलात. “झालं सिद्ध,” म्हणालात. माझी वही तुमच्या कपाटात गेली ती परत मिळाली नाही.

बाबांनी मारलं नाही. पण “चोरी करायले शाळेत पाठवतो का तुले?” एवढं विचारलं आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वर्गात दहावीपर्यंत माझं नाव ‘उतारा’ होतं. आजी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला सांगायला शाळेत गेली होती. परत येऊन म्हणाली, “मास्तर कामात होते, भेटले नाही.” त्यानंतर मी मराठीत गाईडमधलंच लिहिलं. तुम्ही मला चांगले गुण देत गेलात.

आता तुमच्या आईबद्दल. सर, माझ्या निबंधात एक गोष्ट मी मनानं घातली होती. आजी प्रत्येक ओळ रोवताना, आपल्यापासून दुसरीकडे गेलेल्या शेजारणीचं नाव घेते, ही कुंताबाईची, ही सुमनबाईची, असं मी लिहिलं. आजीने असं काही केलं नव्हतं. ती मुकाट्याने रोवत होती. मला वाटलं, असं केलं असतं तर छान झालं असतं, म्हणून लिहिलं. तुमच्या कथेत म्हातारी नावं घेते. तीच नावं, त्याच क्रमानं. हे तुमच्या आईने कुठे ऐकलं?

मला तक्रार करायची नाही. पुस्तक, सत्कार, काहीच नको. आजी आता त्र्याऐंशीची आहे. वसाहतीतल्या बाया अजून गमतीनं म्हणतात, “तुमच्या रक्षानं निबंध चोरला होता ना?” मला एवढंच हवं आहे, की ती असेपर्यंत तुम्ही चार लोकांसमोर एक वाक्य बोलावं. त्या मुलीने चोरी केली नव्हती. त्या दिवशीही लोकांसमोरच बोलला होतात.

रक्षा

—

अड्याळ
२ जानेवारी २०२५

रक्षा,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, खोडलं. तो अधिकार आपला नाही असं वाटलं. पंचवीस दिवस उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहिली. पहिल्यात तुलाच समजावलं होतं, की एखादी कल्पना दोघांना सुचू शकते. दुसऱ्यात मला काही आठवत नाही असं होतं. तिसऱ्यात तब्येतीचं कारण होतं. तिन्ही चुलीत घातली. बायकोने विचारलं, “काय जाळून राहिले?” मी म्हटलं, रद्दी. तेवढं एक खरं बोललो.

माझी आई कोष्ट्याच्या घरची. जन्मभर मागावर बसली. तिचा पाय कधी बांधीच्या चिखलात गेला नाही. तिने मला धानाची एकही गोष्ट सांगितली नाही. मेलेल्या आईला मी खोट्या साक्षीला उभं केलं.

तुझा चेहरा मला आठवतो. दोन वेण्या, उजव्या हाताला शाई. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. तुझी आजी मला भेटली होती. कवडू तिला मधल्या सुट्टीत घेऊन आला. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली, खुर्ची दिली तरी वर आली नाही. लुगड्याच्या पदरात अंगणातल्या धानाच्या चार लोंब्या आणल्या होत्या. त्या माझ्यापुढे धरून म्हणाली, “मास्तर, हे पाहा. पोरीनं लिवलं ते खरंच हाय. मले तिनं वाचून दाखवलं. फक्त ते नावं घ्याचं तिनं मनचं टाकलं. मी कायले नावं घेऊ? पण ते बी गोड हाय. पोरगी खोटं नाही बोलत, गोष्ट बनवते.”

रक्षा, खोटं आणि गोष्ट यातला फरक एका अंगठा लावणाऱ्या बाईने मला पायरीवर बसून सांगितला. मी मान खाली घातली आणि म्हणालो, “बरं, पाहतो.” ती गेली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात आलो आणि पुढचा धडा काढला. तू तिसऱ्या बाकावर होतीस. मी त्या बाजूला पाहिलं नाही.

का बोललो नाही, हे इतकी वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो, की चव्वेचाळीस पोरांसमोर मास्तरने शब्द मागे घेतला तर वर्गावर वचक राहत नाही. हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं आज पहिल्यांदा लिहितो. तोवर मी अकरा वर्षं लिहीत होतो. कथा जायच्या आणि परत यायच्या. त्या आठवड्यातही एक परत आली होती. आणि चौदा वर्षांची पोर दोन पानांत असं काही लिहून आली, जे मला अकरा वर्षांत जमलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. तू उतरवलं असावंस अशी माझी इच्छा होती. पुरावा मिळाला नाही म्हणून मी तो तयार केला.

वही मी जपून ठेवली. शाळेतलं कपाट बदललं तेव्हा घरी आणली. गेल्या जूनमध्ये संपादकांनी पहिल्यांदा स्वतःहून कथा मागितली आणि माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. निवृत्तीआधी एकदा तरी चांगलं काही माझ्या नावावर छापून यावं, ही हाव होती. पोरांना मी म्हणतो, तुमच्यात स्वतःचं काही नाही, सगळं उतरवलेलं. मी कोणाला म्हणत होतो, देव जाणे.

२६ तारखेला सत्कार व्हायचाच आहे. तो मी नाकारू शकतो, पण मग गुपचूप नाकारल्यासारखं होईल. मी माइकवर जाऊन सांगतो. तू ये किंवा येऊ नकोस. वही याच टपालाने वेगळी पाठवत आहे.

चंद्रकुमार हटवार

—

अड्याळ
२८ जानेवारी २०२५

रक्षा,

तू आली नाहीस, चांगलं केलंस. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मैदानात गाव जमलं होतं. तुमच्या वसाहतीतलेही लोक होते, मोनू भेंडारकर म्हणजे तुझा चुलतभाऊ समोरच फोन धरून उभा होता. शाल-श्रीफळ घेण्याआधी मी माइक मागितला. रात्रभर पाठ केलेली चार वाक्यं बोललो. ही कथा माझी नाही. ती रक्षा भेंडारकर या माझ्या विद्यार्थिनीने नववीत असताना लिहिली. मी तिला भर वर्गात चोर ठरवलं, ती चोर नव्हती. चोरी मी केली.

मला वाटलं, आता कोणी तरी उठून दोन शब्द सुनावेल. मीही तयारीत होतो. तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका उषाबाईंनी टाळी वाजवली आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. उषाबाईंनी माझ्या हातातून माइक घेतला. डोळे पुसत म्हणाल्या, “मुलांनो, याला म्हणतात गुरू. विद्यार्थिनीकडून एक कल्पना मिळाली, तर सर तिला सगळं श्रेय देऊन टाकून राहिले आणि स्वतःला चोर म्हणून राहिले. केवढा हा मोठेपणा.” मी म्हटलं, “मॅडम, मोठेपणा नाही, मी खरंच चोरी केली.” लोक हसले, मायेने हसले. मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढच्या क्षणी शाल माझ्या खांद्यावर होती.

आजच्या पेपरात आलं. ‘विद्यार्थिनीला श्रेय देणारा निगर्वी साहित्यिक’. फोटोत मी रडतोय, ते आनंदाश्रू आहेत असं खाली छापलंय. आज वर्गात पोरं उभी राहिली, कधी राहत नाहीत इतकी सरळ.

रक्षा, खोटं बोललो तेव्हा मला सन्मान मिळाला. खरं बोललो तर त्याहून मोठा मिळाला. माणसाला आपली लाज कोणाला देता येऊ नये, ही काय शिक्षा आहे ते आता कळतंय.

संपादकांना मी सगळं लेखी कळवलं. तुझ्या नावाचा खुलासा पुढच्या अंकात छापतो म्हणाले. ते वाचून कोण काय समजेल, मला सांगता येत नाही. मीही आता अंदाज बांधत नाही.

काल तुझ्या आजीकडे निघालो होतो. वसाहतीच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परतलो. आता काय करू, हे मी तुला विचारतोय. विचारायला दुसरं कोणी नाही.

चंद्रकुमार हटवार

—

लाखांदूर
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

मोनूने फोनवर काढलेलं तुमचं बोलणं मला पाठवलं. टाळ्यांसकट. गेल्या रविवारी मी ते घेऊन आजीकडे गेले. कान कमी झालेत तिचे, दोनदा लावावं लागलं. शेजारच्या बायाही आल्या. त्याही म्हणाल्या, “किती भले मास्तर.”

त्या गेल्यावर मी तिला विचारलं, मास्तर भेटले नाहीत असं तू मला काहून सांगितलं? ती म्हणाली, “त्यायनं मान खाली घातली तवाच मले समजलं, हा माणूस वर्गात सांगणार नाही. अन तुले त दोन वरसं त्याच मास्तरापुढं बसाचं होतं. त्यायले समजूनही ते बोलले नाही, हे तुले मालूम पडलं असतं त तू शाळेत गेली असतीस का?” मग म्हणाली, “भले-बिले काही नाही. पण उशिरा का होईना, बोलले. तेवढं बोलाले बी लोकायची जिंदगी जाते.” तुम्ही तिच्याकडे जावं असं ती म्हणाली नाही. जाऊ नये असंही म्हणाली नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.

माफ केलं असं लिहायचा मी प्रयत्न केला. लिहिता येत नाही. पण तुम्ही मला सगळं सांगितलं आणि मी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही, हे बरोबर नाही. तुमच्या कथेमुळे मी पहिलं पत्र लिहिलं असं तुम्हाला वाटत असेल. कथा तर मी सुट्टी संपताच वाचली होती. पण पत्र लिहायला बसवलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

ऑक्टोबरमध्ये, सहामाहीआधी, सहावीच्या रुपाने एक निबंध लिहिला. तिचे बाबा धरणावर मासेमारी करतात. जाळं पाण्यात टाकल्यावर ते तिला गप्प बसायला सांगतात, आणि त्या गप्प बसण्यात बुडालेल्या गावातल्या कोंबड्याचा आवाज ऐकू येतो, असं तिनं लिहिलं होतं. सर, मी वाचलं आणि माझ्या तोंडून निघालं, “कोणाकडून लिहून आणलंस?” भर वर्गात. विचार न करता. ती “मीच” म्हणाली आणि मी म्हटलं, “बस खाली.” पुढे काही केलं नाही. कोरा कागद दाखवला नाही, घरी कळवलं नाही. तेवढ्यावर मी स्वतःला बरी समजत होते.

पण सुट्टीनंतर वह्या तपासल्या. रुपा आता गाईडमधलं सुंदर अक्षरात उतरवते. मी तिला पैकीच्या पैकी देते. त्या रात्री मी तुमची कथा पुन्हा काढली आणि तुम्हाला पत्र लिहिलं. मला वाटत होतं मी आजीसाठी लिहितेय. खरं तर मला पाहायचं होतं, की माझ्यासारख्या शिक्षिकेचं पुढे काय होतं.

तुमच्याकडून मी एक वाक्य मागितलं, आणि तुम्ही ते बोलण्याची वाट पाहत दीड महिना काढला. या दीड महिन्यात रुपा रोज माझ्यासमोर बसत होती.

मला मैदान नको, माइक नको, मुख्याध्यापक तर मुळीच नकोत. टाळ्या वाजवणारं कोणी नको. त्या दिवशी वर्गात जी अठ्ठावीस मुलं होती तीच हवीत. आज रविवार आहे. उद्या पहिला तास मराठीचा आहे.

रक्षा